दमा तिचा, उत्तरे माझी

येवल्याच्या शाळेत मी भूगोल शिकवतो. डोळे मिटून नकाशावर बोट ठेवले तरी ते बरोबर नर्मदेवर पडते, अशी माझी ख्याती आहे. ती मीच पसरवली आहे. तर असा मी नाशिकला निघालो आणि एक स्टेशन आधी, ओढ्याला, सहकुटुंब उतरलो.

"अहो, हे नाशिक वाटत नाही," असे आमचे कुटुंब वळकटी सावरत म्हणाले होते.

"भूगोल तुझा विषय की माझा?" मी विचारले.

गाडी निघून गेली. फलाटावर आम्ही दोघे, वळकटी आणि पाटी वाचणारी एक बकरी एवढेच उरलो. माझ्या आधी पाटी तिनेच वाचली.

प्रवास हौसेचा नव्हता. हिला दमा होता. गेल्या संक्रांतीच्या सुमारास शाळेतून घरी आलो तर ही दाराच्या चौकटीला धरून बसलेली, ओठ निळे, डोळे मोठे. गावच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतले. "मास्तर, असा झटका पुन्हा आला तर माझ्या हातात काही नाही. नाशिकला कोणी जाणता माणूस बघा," असे ते म्हणाले. मुलगी सासरी गेल्यापासून घरात आम्ही दोघेच. हिला काही झाले तर मी एकटा काय करणार, हा विचार माझ्या मनात आला. ती एकटी दिवसभर काय करते, हा विचार मात्र आला नाही. एका वेळी एकच विचार करण्याची मला सवय आहे.

ओढ्याच्या बाहेर एक बैलगाडी उभी होती. गाडीवान हसून म्हणाला, "नाशिक? आवं, ह्ये ओढं हाय. नाशिक लय लांब हाय. बसा, मागं भुसा हाय, गादीवानी लागंल."

मी कौतुकाने भुशावर बसलो. ही पुढे सरकून गाडीवानाच्या पाठीशी, तोंड वाऱ्याकडे करून बसली. थोड्याच वेळात तिच्या छातीतून पाव्यासारखा आवाज येऊ लागला. "थंड हवा बाधली," असे निदान मी जाहीर केले. बैलांनी मान हलवली. इतक्या लवकर माझ्याशी सहमत होणारे श्रोते मला शाळेत कधी मिळाले नाहीत.

नाशिकला उतरायचे म्हणजे आमच्या उपाध्यांकडे. या क्षेत्रात प्रत्येक कुळाचा उपाध्याय ठरलेला; पिढ्यान् पिढ्या तुम्ही त्याचे. आमचे उपाध्ये गंगेच्या (म्हणजे गोदावरीच्या; नाशिककर तिला गंगाच म्हणतात) काठावर राहतात. त्यांनी पाय धुवायला पाणी दिले आणि विचारले, "स्नान की श्राद्ध?"

"दमा," मी म्हणालो.

"मग आमच्या वैद्यबुवांकडेच जायचं. तुमच्या आजोबांचा दमा त्यांच्या आजोबांकडेच होता."

"मग बरा झाला?"

"तुमच्या आजोबांचं श्राद्ध आमच्या आजोबांनी फार सुंदर केलं," उपाध्ये म्हणाले.

जेवणात वरणभात, मेथीची भाजी आणि ताकाची कढी होती. दुसऱ्या दिवसापासून यातले काहीच चालणार नव्हते. पंचवटीतल्या वैद्यबुवांनी हिची नाडी धरली आणि प्रश्न मला विचारले. तशीच रीत आहे. बायको आजारी पडते, नवरा सांगतो. मी वर्गात बोलतो तसा खणखणीत बोललो: रात्री झोपेतून उठून बसते, भिंतीला टेकून तासन् तास बसते, पहाटे डोळा लागतो. वैद्यबुवांनी रात्रीच्या कफाची पुडी दिली आणि ताक, केळी, वरणभात, मेथी, पेरू, दही वर्ज्य केले. उरलेल्यांत गंगेचे पाणी होते, तेही कोमट.

त्यानंतर पेठेतल्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्या पाटीवर नावापेक्षा पदव्या जास्त होत्या. वर चढायला लाकडी जिना होता. ही अर्ध्यावर थांबली, मी वरून "हळूहळू ये" म्हणून मदत केली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि माझ्याकडे पाहिले. मी पुन्हा रात्रीचे सगळे सांगितले, या वेळी थोड्या अभिनयासह. त्यांनी रात्री निजताना घ्यायचे तांबडे मिश्रण दिले. ते घेऊन ही त्या रात्री उठलीच नाही. मी विजयी झालो. दुसऱ्या दिवशी दुपारी उपाध्यांच्या माजघरात धान्य निवडायचे काम चालले होते. तिथे ही बसली आणि पुन्हा धापा टाकू लागली.

उपाध्ये गंभीर झाले. "एक आहे आणखी, पण त्याच्याकडे जाऊ नका. दम्याचाच डॉक्टर म्हणवतो, आणि स्वतःच धापा टाकतो."

माजघराच्या दारातून हिचा आवाज आला. "त्यांच्याकडेच... जाऊ."

"अगं, ज्याला स्वतःचा बरा करता येत नाही, तो तुझा काय करणार?"

"त्यांना निदान... काय होतं ते... माहीत असेल."

एका वाक्याला दोनदा थांबावे लागणाऱ्या माणसाशी वाद घालणे मला जमले नाही. एरवी ते मला कधीच जमलेले नाही, पण या वेळी कारण चांगले होते.

या डॉक्टरांचा दवाखाना तळमजल्यावर होता. पन्नाशीचे किरकोळ गृहस्थ, गळ्याभोवती उपरणे, टेबलावर पेरूंची बशी. "बसा," ते म्हणाले, थांबले, श्वास घेतला, "...आणि बोला."

मी घसा साफ केला. "हिला रात्री..."

"दमा तुम्हाला आहे?"

"नाही."

"मग तुम्ही पेरू खा." त्यांनी बशी माझ्यापुढे सरकवली. "वहिनी, तुम्ही सांगा. दम लागला की थांबा. मीही थांबतो. आपल्याला कसली घाई?"

हिने आधी माझ्याकडे पाहिले. माझ्या तोंडात पेरू होता.

"रात्री उठून बसता म्हणे?"

"बसते," ती म्हणाली. "पण ते दम्यानं नाही."

"मग?"

"हे घोरतात."

डॉक्टर हसायला गेले आणि त्यांना खोकला आला. तो संपेपर्यंत ही शांत बसून राहिली, जुन्या ओळखीचे कोणी चप्पल काढून आत येईपर्यंत आपण थांबतो तशी. मी हिशेब लावला: वैद्यबुवांची पुडी आणि पेठेतले तांबडे मिश्रण ही दोन्ही माझ्या घोरण्यावरची औषधे होती, आणि ती या बिचारीने घेतली होती.

"मग दमा कधी येतो?"

"दुपारी. हे शाळेत असतात तेव्हा. बाजरी पाखडायला घेतली की." ती थांबली. डॉक्टरही थांबले. "नवी आली की जास्त. येताना बैलगाडीत भुसा होता, तेव्हाही. काल माजघरातही तेच."

"हे यांना सांगितलं नाहीत?"

"यांनी विचारलं नाही." आवाजात तक्रार नव्हती, हवापाणी सांगावे तसे तिने सांगितले. "गेल्या संक्रांतीला मी चौकटीला धरून बसले होते. वाटलं, पुढचा श्वास आता... येत नाही. यांच्या पायांचा आवाज आला, तेव्हा जरा धीर आला. हे म्हणाले, रात्री झोप झाली नसेल."

बशीतला उरलेला पेरू मी तसाच ठेवला.

"प्रत्येक दमेकऱ्याला कशाचं तरी वावडं असतं," डॉक्टर म्हणाले. "माझं कापसाचं. वडिलांची रुईची वखार होती, ती सोडून... हा उद्योग धरला. तुमचं भुशाचं. बरा करतो असं म्हणत नाही, माझाच झालेला नाही. पण सूप हातात धरायचं नाही. कोणी पाखडत असेल तर जवळपास थांबायचं नाही. झटका आलाच तर ही गोळी." मग त्यांनी विचारले, "घरी पाखडायला दुसरं कोण आहे?"

हिने माझ्याकडे पाहिले. डॉक्टरांनीही पाहिले. मी पेरूकडे पाहिले.

परतीला नाशिकरोडहून गाडीत बसलो, तेव्हा स्टेशनांची नावे हिने वाचली आणि मी ऐकली. प्रवासाने दृष्टी विशाल होते, असे मी दरवर्षी मुलांना सांगतो. आता एवढेच जोडेन, की काही प्रदेश नकाशावर नसतात, स्वयंपाकघराच्या मागच्या दारात असतात, आणि तिथल्या हवामानाची चौकशी तिथल्या रहिवाशाकडेच करावी लागते.

रविवारी अंगणात सूप घेऊन बसलो. तोंडाला उपरणे बांधले होते. आळीतली मंडळी आपापल्या ओट्यांवर जमली. शाळेच्या स्नेहसंमेलनालाही इतकी गर्दी नसते. वारा कुठून येतो ते पाहून मी हिला पलीकडच्या काकूंच्या ओट्यावर बसवले. सुपाला पहिलाच झटका दिला आणि तिथून तिचा आवाज आला. असा सलग आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. ती कुठेही थांबली नाही:

"अहो, सुपाची उघडी बाजू पुढं धरतात की पोटाकडं, सगळा भुसा धोतरात आणि सगळे दाणे अंगणात, त्या चिमण्यांची दिवाळी करताय की काय, मनगटानं हलवा, खांद्यानं नाही, फळा पुसताय का तुम्ही, आणि ते उपरणं नाकावर घ्या, हनुवटीवर कशाला बांधलंय, दात दुखतोय का, अहो, मी एवढं बोलतेय आणि तुम्ही हसताय काय, यात हसण्यासारखं काय आहे?"