पॅरिसला जाण्याआधीचा फोन

मिलिंद हॉलंडला शिकायला निघाला तेव्हा बहरीनच्या विमानतळावर आम्ही तिघंच होतो. तो, त्याची आई सुमन आणि मी. बॅगेचं वजन जास्त भरलं म्हणून सुमनने तिथेच जमिनीवर बॅग उघडली. मिलिंदने दोन पुस्तकं काढून दिली, स्वेटर काढून अंगात घातला, पण गावाहून आलेली सुकटीच्या चटणीची बरणी काही काढू दिली नाही. आत जायच्या आधी त्याने माझ्याकडून फोनचं कार्ड मागून घेतलं आणि खांबापलीकडच्या फोनवरून गावी आबांशी बोलला. बराच वेळ बोलला. परत आला, वाकून पाया पडला आणि गेला. त्याचे डोळे लाल होते. ते आमच्यासाठी नव्हते हे मला कळलं, आणि ते मी कधी विसरलो नाही.

वाडीतल्या आणि वाडीतून आखातात गेलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. वाडीच्या मंडळाच्या स्मरणिकेत ते आहे तसं छापावं. माझ्या मुलाबद्दल तुम्ही इतकी वर्षं जे बोलत आलात ते खरं नाही, आणि ते खरं नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

आबा म्हणजे माझे थोरले भाऊ. मी बहरीनला गेलो तेव्हा मिलिंद जेमतेम चालायला लागला होता. सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये मी एसीच्या डक्टची ड्रॉइंग्ज करायचो. कुटुंबाचा व्हिसा मिळण्याइतका पगार व्हायला मिलिंदची चौथी उजाडली. तोवर सुमन आणि तो गावीच, आबा-वहिनींजवळ. त्याला सायकल आबांनी शिकवली, विंचू चावला तेव्हा पाठीवर घेऊन दवाखाना आबांनी गाठला. वहिनींना तो मोठी आई म्हणायचा. एका सुट्टीत मी घरी गेलो असताना पोरगं माझ्यादेखत आबांना म्हणालं, "आबा, हे कधी जाणार?" सगळे हसले. मीही हसलो.

पुढे तो बहरीनला आला, ईसा टाउनच्या शाळेत शिकला, इंग्रजीत भांडायला लागला. मला पप्पा म्हणायचा. त्यात काही कमी नव्हतं. पण पेपर चांगला गेला की पहिला फोन गावी व्हायचा.

हॉलंडला गेल्यावर तो शनिवार-रविवारी फिरायला लागला. आज कलोन, मग ब्रुसेल्स, लक्झेंबर्ग, हॅम्बुर्ग. फोटो यायचे. मोठमोठी चर्च, त्यापुढे आमचा मुलगा. मी ते वर्कशॉपमध्ये दाखवायचो आणि त्याच्या प्रती काढून गावी पाठवायचो. गावी ते शोकेसमध्ये लागले. पोराने युरोप पालथा घातला, असं वाडीत बोललं जाई. सलमाबादला माझ्या शेजारच्या टेबलावर रायगडचे इस्माईलभाई बसायचे. त्यांनी एकदा सगळे फोटो पत्त्यांसारखे पिसून पाहिले आणि म्हणाले, "हर फोटोत पोरगा अकेलाच. फोटो काढणाऱ्याशी तरी दोस्ती कर म्हणावं त्याला." मी हसण्यावारी नेलं.

त्या फिरण्याचा अर्थ मला खूप उशिरा कळला, सुमन वारली त्या वर्षी. मिलिंद आला होता, आम्ही दोघंच बसलो होतो. तो म्हणाला, शुक्रवार आला की हॉस्टेल रिकामं व्हायचं. डच मुलं आठवड्याचे मळके कपडे बॅगेत भरायची आणि गाडीने आपापल्या घरी जायची, आईकडे धुवायला. मागे उरायची सामसूम आणि कॉरिडॉरमधला फ्रिज. "मग मीपण बॅग भरून निघायचो, पप्पा. स्टेशनपर्यंत त्यांच्याबरोबर जाता यायचं." पुढे मिळेल ती स्वस्त गाडी. रविवारी दुकानं बंद, पाऊस, म्युझियमला तिकीट. तो स्टेशनवर बसून पावाबरोबर सुकटीची चटणी खायचा आणि वासाने शेजारची माणसं उठून जायची. एवढं सांगून तो हसला. पॅरिसला मात्र एकट्याने जायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

आमची सुट्टी शुक्रवारी, त्याची शनिवारी-रविवारी. म्हणून मी शुक्रवारी दुपारच्या झोपेनंतर खाली उतरून बूथवरून फोन करायचो, तो स्टेशनला निघायच्या आधी. एकदा निघाला की सोमवारपर्यंत त्याला गाठायचा मार्ग नव्हता.

त्या हिवाळ्यात आबांना कावीळ झाली म्हणून सुमन मदतीला गावी गेली होती आणि मी ईसा टाउनच्या फ्लॅटमध्ये एकटा होतो. गुरुवारी रात्री तिचा फोन आला. "अहो, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. आबा सारखं मिलिंदचं नाव घेतायत. त्याला कळवा, लगेच निघू दे." मी विचारलं, माझं नाव घेतलं का? ती म्हणाली, "आत्ता हे काय विचारताय?"

शुक्रवारी मी फोन केला. कोणीतरी कॉरिडॉरमध्ये त्याच्या नावाने ओरडलं. मिलिंद धावत आला. मागे मुलामुलींचा गोंगाट होता. इतक्या महिन्यांत त्याचा असा आवाज मी ऐकला नव्हता. म्हणाला, "पप्पा, आज आम्ही सगळे पॅरिसला चाललोय. मला पण घेऊन चाललेत." मग त्याने विचारलं, "आबा कसे आहेत?"

मी म्हणालो, "बरे आहेत. तू जाऊन ये."

पोराचा आनंद मोडवला नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की तेवढा वेळ तो माझ्याशी बोलत होता, मला सांगत होता. मी ते एक वाक्य बोललो असतो तर तो पुन्हा आबांचा झाला असता. मला ते नको होतं.

सुमनला मी सांगितलं, फोन केला होता, तो आधीच निघून गेला. शुक्रवारी कळलं असतं तर रविवारी रात्रीपर्यंत तो आबांच्या उशाशी पोचला असता. आबा सोमवारी पहाटे गेले. मी गावी पोचलो आणि तिथून मिलिंदला फोन केला. अचानक झालं म्हणालो, कोणालाच कल्पना नव्हती, येऊन आता काय करणार, परीक्षा दे. तो फोनवर लहान मुलासारखा रडला आणि माझं ऐकून राहिला.

आबांच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला तुमच्यापैकी बरेच जण होते. एकेक उठून आबांबद्दल बोलत होता. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, मिलिंदपर्यंत निरोप पोचला नाही, तो पॅरिसला गेला होता. मागून कोणीतरी म्हणालं, "पॅरिस बघायला नको का? आबा काय, रोजचेच." दोघंतिघं हसले. निरोपाचं कोणाला पटलं नाही; ठाऊक असून तो फिरायला गेला, असंच सगळ्यांनी धरलं, आणि मी खाली बसलो.

त्यानंतर मिलिंद गावी आला की "युरोपचे पाहुणे आले" म्हणून पोरं हाक मारायची. वहिनी ताट वाढायच्या, पण जवळ बसायच्या नाहीत. तो मला विचारायचा, मोठी आई अशी का वागते? मी म्हणायचो, वय झालंय. हळूहळू त्याचं येणं थांबलं. आता तो रॉटरडॅमला असतो. त्याच्या मुलीला मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत देते. वाडी तिने पाहिलेली नाही.

यंदा आबांच्या मुलाच्या, प्रकाशच्या, मुलीचं लग्न ठरलं. ओटीवर पत्रिकांवर नावं घालायचं काम चाललं होतं. मी म्हणालो, मिलिंदची पत्रिका माझ्याकडे द्या. वहिनींनी मान वर केली नाही.

"त्याला कशाला? बापाच्या मरणाला आला नाही तो."

चुलत्याच्या नाही म्हणाल्या, बापाच्या म्हणाल्या. तो शब्द मिळावा म्हणून मी माझा भाऊ मरत असतानाही खोटं बोललो होतो, आणि त्यांनी तो सहज, जिथला होता तिथे ठेवला. मग मी सांगून टाकलं. सगळं, माझ्या मनातलंही.

वहिनींनी हातातली पत्रिका खाली ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे पोराला ठाऊकच नव्हतं?"

"नाही."

"आणि मी त्याच्या शेजारी बसले नाही."

त्यांनी प्रकाशला फोन लावायला सांगितला. प्रकाशने लावला आणि माझ्या हातात दिला. "काका, तुम्हीच सांगा." मी सांगितलं. पलीकडे मिलिंदची मुलगी काहीतरी वाजवत होती, ते थांबलं. मिलिंदने विचारलं, "आबांनी मला बोलावलं होतं?"

"हो."

"आणि मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, बरे आहेत."

"हो."

"फोन मोठ्या आईला द्या."

वहिनी फोन घेऊन चुलीपाशी गेल्या. "जेवलास का रे?" एवढं मला ऐकू आलं. नंतर नुसतं रडणं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, तो लग्नाला येतोय, मुलीला घेऊन येतोय, इथेच राहील. मी विचारलं, माझ्याबद्दल काही बोलला? "नाही." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही सभेत उभं राहून सांगितलं होतंत. आता मला घरात सांगून ते मिटत नाही."

म्हणून हे लिहिलं.

पनवेलच्या माझ्या फ्लॅटमध्ये मिलिंदसाठी एक खोली आहे. तिला एसी आहे, खिडकीतून डोंगर दिसतो. तो तिथे फारसा राहिला नाही. मला वाटायचं, मी एवढी वर्षं त्या उन्हात काढली ती मुलाला घर देण्यासाठी. घर त्याला आधीच होतं. मी ते त्याच्याकडून काढून घेतलं.

तो येईल तेव्हा त्याला पाहुणा म्हणू नका. आबा गेले तेव्हा तू कुठे होतास, असं त्याला विचारू नका. ज्याला विचारायचं असेल त्याने मला विचारावं. मी लग्नाला येणार आहे. मांडवातच असेन.