संकल्पातलं नाव

दिनानाथकाकांचा मला आजही राग येतो. माझे सख्खे काका, ब्रह्मा घाटाचे वैदिक. संकठा घाटाजवळच्या अन्नछत्रात ते अकरा विधवांना दोन वेळ जेवू घालत. छत्राचा तांदूळ गंगेपलीकडच्या एका जमीनदाराकडून दर महिन्याला होडीने यायचा.

सदतीस साली प्रांतात काँग्रेसचं सरकार आलं आणि काका हरखून गेले. पूजा कशासाठी ते मोठ्याने सांगून हातावरून पाणी सोडायचं, तो संकल्प. त्यात ते रोज काँग्रेसचं यश मागू लागले. पुढे यात्रेकरू रोडावले, दक्षिणा आटली, तरी सरकारला कुणी बोल लावलेला त्यांना खपत नसे. "नेते आपले साधू माणसं आहेत, खालचे मुलाजिम, सरकारी नोकर, बदमाश," म्हणायचे.

मग कुळांच्या बाजूने कायदा येणार अशी बोलवा उठली आणि जमीनदार बिथरला. म्युनिसिपालिटीच्या पोटनिवडणुकीत तो स्वतःच काँग्रेसच्या यज्ञेश्वर वकिलांविरुद्ध उभा राहिला. काकांना त्याचा निरोप आला: माझ्या विजयासाठी चारचौघांत संकठादेवीला अभिषेक करा, नाहीतर तांदूळ बंद.

काका तयार झाले. अकरा जणींच्या पोटाचा प्रश्न होता, दुसरं काय करणार? देऊळ जमीनदाराच्या माणसांनी भरलं. काकांनी हातावर पाणी घेतलं, तिथी, गोत्र खणखणीत म्हटलं आणि दीड वर्षाच्या सवयीने काँग्रेसचाच विजय मागितला. पाणी ताम्हनात पडलं.

"पंडितजी, फिर से बोलिए," जमीनदाराचा कारिंदा, त्याचा कारभारी, गुरगुरला.

"उदक सुटलं. आता बदलत नाही," काका म्हणाले.

बदलतं हो! चुकलेला संकल्प पुन्हा करतात, मी शंभरदा पाहिलंय. पण ती चूक काकांना मनातून आवडली होती.

वकील निवडून आले. मिरवणुकीत काकांच्या गळ्यात हार पडला. होडी मात्र आली नाही. पंधरवड्यात कोठी रिकामी झाली. सात जणी दुसऱ्या छत्रांच्या दारी गेल्या, तिघी घाटावर हात पसरून बसल्या. अकराव्या अन्नपूर्णामावशी, त्यांना पायऱ्याही उतरवत नव्हत्या. काका आपल्या ताटातला भात त्यांना नेऊन देत, तो एकालाही पुरला नसता.

सरकारवर मावशींचाही काकांइतकाच जीव. त्या रोज विचारायच्या, "दिनानाथ, आपला राज आला ना रे? मग चावल कधी येणार?"

"येईल, मावशी," काका रोज सांगायचे.

माघात मावशी गेल्या, उपाशी.