चार बोटं सावली

झुवैनाच्या शाळेला सुट्टी लागली आणि त्याच आठवड्यात माझ्या वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. झुवैना म्हणजे माझ्या भावाची मुलगी. वय सोळा, उंची ताडमाड, आणि हट्टाचं तर काही विचारूच नका. खजुराचं झाड एकवेळ जागचं हलेल, ही पोरगी नाही हलायची.

वडील, खल्फान, आमच्या गावचे पाटकरी. डोंगरातून फलज, म्हणजे झऱ्याच्या पाण्याचा पाट, येतो, त्याचं पाणी कुणाच्या बागेत किती वेळ जायचं हे सांगणं त्यांचं काम. रात्रीचं पाणी केव्हाच घड्याळावर गेलं, पण दिवसाचं अजून काठीवर चालतं. मशिदीमागच्या मोकळ्या जागेत दीड पुरुष उंचीची लाकडी काठी उभी आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना जमिनीत दगड पुरलेत. सावलीचं टोक एका दगडावरून दुसऱ्यावर गेलं की एकाची बारी संपली, दुसऱ्याची लागली. चाळीस वर्षं वडिलांनी ती सावली राखली. डोळ्यांपुढे ताक सांडल्यासारखं दिसायला लागलं, तेव्हा कुठे ऑपरेशनला तयार झाले.

आता तीन आठवडे काठीजवळ कोण बसणार? माझा भाऊ मस्कतला नोकरीवर. गावचे प्रमुख शेख मुहन्ना, त्यांच्या बैठकीत विषय निघाला आणि आमच्या शेजारच्या बागेच्या हिलालला तेवढंच हवं होतं.

"बसायचं कशाला कुणी?" खिशातून फोन काढून तो म्हणाला. "अर्धा तास झाला की हा वाजतो. जग कुठे गेलं आणि आपण अजून काठीची सावली मोजतोय!"

झुवैना कॉफीची सुरई घेऊन दारात उभी होती. तिथूनच म्हणाली, "मी बसते."

सगळे हसले. हिलाल तर ठसका लागेपर्यंत हसला. "तू? सावलीऐवजी फोनमध्ये डोकं घालून बसशील, आणि माझी खजुरं वाळून जातील."

"फोन आत्याकडे देते. मग तर झालं, काका?"

शेखांनी दाढी कुरवाळली. ते गोड बोलतात, पण शब्द लोखंडाचा. म्हणाले, "बस पोरी. पण एक अट. खल्फान परत येईपर्यंत बारीची एक जरी तक्रार खरी ठरली, तरी काठी काढायची आणि फोन लावायचा. कबूल?"

"कबूल."

घरी येताना वडिलांचा हात माझ्या खांद्यावर नेहमीपेक्षा जड पडला होता. ती काठी म्हणजे त्यांचं सगळं होतं. आई गेली त्या दिवशीसुद्धा दफन उरकून ते दुपारच्या बारीला हजर होते. आणि आता ती काठी एका शेंबड्या पोरीच्या भरवशावर! मला तर संतापच आला. म्हटलं, "अगं, तुझ्या मावसबहिणी सलालाला निघाल्यात. थंड धुक्यात फिरायचं सोडून इथे भाजत बसणार? कुणी सांगितलाय हा नसता उपद्व्याप?"

"कुणीच नाही सांगितला, म्हणून तर मी बसते."

ऑपरेशनला निघताना वडिलांनी तिला एवढंच सांगितलं, "या दिवसांत सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मध्यान्हाला काठी आपली सावली गिळते. गिळली की समज, सगळं ठीक आहे."

मग सुरू झाली या बाईसाहेबांची सुट्टी. पहाटे उठून चतकोर भाकरी, चहा, आणि सूर्य डोंगरावर यायच्या आत काठीपाशी. जमीन अशी तापायची की चपलेचा तळ चिकटायचा. डोक्यावर ओला पंचा, शेजारी पाण्याची बाटली आणि लिंबू. दगडाला सावली लागली की उभी राहून ओरडायची, "सालिमची बारी संपली! रय्याकाकूची लागली!" पहिल्या दिवशी आवाज चिरका निघाला आणि पाटात डुंबणारी पोरं तिची नक्कल करत गावभर फिरली. चौथ्या दिवसापर्यंत आवाज असा सुटला की बागेच्या टोकाला पाण्याची दारं धरणारेही मान वर करायचे.

संध्याकाळी रात्रीच्या घड्याळवाल्याला काम सोपवून यायची ती लालबुंद होऊन. मी ताक पुढे करायचे, ती आधी फोन मागायची. अर्धा तास सलालाचे फोटो बघायची. धुकं, हिरवे डोंगर, दात काढून हसणाऱ्या बहिणी. एकदा बघता बघता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "अजून वेळ गेली नाही. सांगू का तुझ्या बापाला?" तर फोन माझ्या हातात कोंबून म्हणाली, "उद्या मागितला तरी देऊ नकोस." आणि खरंच, पुढचे पाच दिवस तिने मागितला नाही. नाकाचं साल निघालं, हातावरची मेंदी उन्हाने विटली, पण एक दिवस खाडा नाही. मला तिचं कौतुक वाटायला लागलं होतं, पण बोलून दाखवलं नाही. आमच्यात लगेच डोक्यावर बसतात.

तेराव्या दिवशी घोळ झाला. मध्यान्हाआधीची शेवटची बारी हिलालची आणि मध्यान्हाला सुरू होणारी माझी. मी फावडं घेऊन माझ्या बागेकडे निघाले होते. वाटेत बघते तर माझी शेळी फितना, नावाप्रमाणेच भानगडखोर, दावं तोडून कुणाच्या तरी लसूणघासात तोंड घालतेय! धरली कानाला आणि ओढत आणली. एका हातात फावडं, दुसऱ्या हाताने शेळी, डोक्यावर वणवा. समोर काठी दिसली.

"झुवैना, ही इथे बांधते गं घटकाभर. पाण्याचं दार उघडून येते."

"बांध," ती म्हणाली. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. डोळे सगळे जमिनीवर, सावलीच्या टोकावर.

मी काठीला कमरेएवढ्या उंचीवर तिचं उरलेलं दावं बांधून गेले. थोड्याच वेळात तिची हाक आली, "हिलालकाकांची बारी संपली! नसराआत्याची लागली!" मी बांधाच्या दारात कोंबलेली चिंधी आणि दगड काढला, पाणी माझ्या बागेत वळवलं, आणि मग सावकाश येऊन शेळी सोडून नेली. झालं एवढंच.

दुपारच्या नमाजानंतर हिलाल तणतणत आला. "माझ्या फोनवर मागच्या वेळी तीस मिनिटं भरली होती. आज चोवीस! सहा मिनिटं कुठे गेली? आणि कुणाच्या बागेत गेली, तेही बघा. पाटकरीण हिची भाची!"

मी कमरेला पदर खोचला. "हिलाल, जीभ आवर. तुझा फोन तुझ्यासारखाच उतावळा असेल."

लोक हसले. हिलालची तक्रार म्हणजे आमच्याकडे रोजची आंघोळ. कधी वारं कमी, कधी मीठ जास्त. त्याचं कुणी मनावर घेत नाही. तरी शेख म्हणाले, "परवा मध्यान्हाला काठीपाशी जमू. तिथेच काय ते बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी झुवैना माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसली. चेहरा उतरलेला.

"आत्या, काल मध्यान्हाची अजान झाली तेव्हा काठीने सावली गिळली नव्हती. पूर्वेला चार बोटं बाहेर होती. मला वाटलं, माझंच काही चुकतंय. आज मात्र पूर्ण गिळली. एका दिवसात सूर्य बदलतो का?"

"मला काय विचारतेस? मी काय सूर्याची सासू आहे?"

"काल काठीपाशी असं काय होतं, जे आज नव्हतं?"

माझ्या हातातला कांदा तसाच राहिला. लसूणघासाचं वावर काठीच्या पूर्वेला आहे. फितना तिकडे जीव तोडून ओढत असणार. काठीचं मूळ जुनं, थोडं सैल. हिलालच्या बारीत मी तिला बांधली, काठी झुकली, सावली आधीच दगडावर पोचली. माझ्या बारीत मी तिला सोडली आणि काठी पुन्हा जागेवर आली. म्हणजे हिलालचं तेवढं पाणी बरोबर माझ्या बागेत आलं. ठरवून चोरी करायची म्हटली असती, तरी इतकी बेमालूम जमली नसती.

"अगं बाई," मी खालीच बसले. मग डोकं चालवलं आणि म्हटलं, "हे बघ, कुणाला काही बोलू नकोस. हिलालचं कोण ऐकतंय? उद्या दोन शिव्या खाईल आणि घरी जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकलेली आहे, आत्या, पण आत हिलालकाकांचं पाणी आहे."

"आणि अट? तक्रार खरी ठरली तर काठी जाणार! माझा बाप डोळे घेऊन येईल आणि बघेल काय? नुसता खड्डा? त्यांच्यासाठी बसलीस ना गं तू उन्हात?"

ती म्हणाली, "आजोबा आल्यावर पहिलं काय विचारतील? बाऱ्या बरोबर झाल्या का, हेच. त्यांना मी काय सांगू?"

"लोक मला चोर म्हणतील, त्याचं काय?"

"तू चोरलंस का?"

"नाही!"

"मग उद्या फितनाला घेऊन ये."

मी खूप बोलले. कार्टी म्हटलं, कृतघ्न म्हटलं, घराण्याचं नाव बुडवशील म्हटलं. ती ऐकत राहिली आणि उठून गेली. मग मी पदर तोंडाशी धरून रडले. मला चोर ठरण्याची भीती होती, हे खरं. पण त्याहून जास्त मला त्या खड्ड्याची भीती वाटत होती.

ठरलेल्या दिवशी मध्यान्हाला दहा-बारा माणसं काठीभोवती जमली. शेख छत्रीखाली, हिलाल फोन घेऊन. त्या वेळची बारी आमच्याच घरची होती, त्यामुळे पाणी गेलं तर आमचं जाणार होतं. झुवैनाने दगडापाशी उकिडवं बसून सावली दाखवली. ती आखडत आखडत काठीच्या मुळाशी आली आणि नाहीशी झाली. काठीने सावली गिळली.

"बघा, काठी ठीक आहे," सालिम म्हणाला. "हिलाल, चल, घरी जा."

तिथेच सगळं मिटलं असतं. झुवैनाने माझ्याकडे पाहिलं.

मी घराआड लपवलेली फितना ओढत पुढे आणली. तोंड चालूच होतं. "बघताय काय? परवा मी हिला इथे बांधली होती. हिलालच्या बारीत बांधली आणि माझ्या बारीत सोडली. चोरी नाही केली, आळस केला. आता म्हणा काय म्हणायचं ते!" असं म्हणून दावं त्याच जागी बांधलं.

फितनाला लसूणघास दिसला. तिने ओढ घेतली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काठीच्या मुळातून काळी सावली बाहेर सरकली. झुवैनाने बोटं टेकवली. एक, दोन, तीन, चार.

हिलाल तोंड उघडं ठेवून बघत राहिला.

झुवैना उभी राहिली. "आत्याने विचारलं होतं, मी 'बांध' म्हटलं. मी सावली बघत होते, काठी बघितली नाही. तक्रार खरी आहे. पुढच्या फेरीत सावली दगडाच्या पुढे चार बोटं गेल्यावरच आत्याची बारी लागेल, तोवर पाणी हिलालकाकांचं." ती शेखांकडे वळली. "आणि अट ही अट. मी कबूल म्हटलं होतं." डोक्यावरचा पंचा काढून तिने घडी घातली आणि खांद्यावर टाकला. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. मीच काढलं.

शेख हिलालकडे वळले. "तक्रार तुझी होती. बोल, काठी काढायची?"

हिलालने फोनकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, मग माझ्या शेळीकडे. घसा खाकरला. आयुष्यात पहिल्यांदा त्याची तक्रार खरी ठरली होती, आणि ती त्याच्या बाजूने सिद्ध करून दिली होती ती याच पोरीने.

"सावली दगडावर येईल आता," तो तिच्यावर खेकसला. "पंचा काय घडी घालतेस? बांध डोक्याला. पुढची बारी कुणाची, ओरड!" मग माझ्याकडे बोट करून, "आणि हिची शेळी आधी सोडा इथून!"

झुवैना ओरडली. आवाज पहिल्या दिवसासारखा चिरका निघाला, पण पोरांनी नक्कल केली नाही.

पुढच्या फेरीत तिने मला एका बोटाची सवलत दिली नाही. मी फावडं घेऊन उन्हात उभी आणि ही जमिनीवर बोटं टेकवून मोजतेय. पलीकडून हिलाल म्हणतो, "घाई नाही गं, नीट मोज!" मेला.

वडील आले ते एका डोळ्यावर पट्टी आणि दुसरा डोळा लख्ख उघडा ठेवून. घरी न येता आधी काठीपाशी गेले. वर बघितलं, खाली बघितलं, मग कमरेएवढ्या उंचीवर त्यांची नजर थांबली. तिथे लाकडाची साल घासली गेली होती. चाळीस वर्षांत ते नवीन काही पहिल्यांदा बघत होते. त्यांनी अंगठा फिरवला.

"ही दाव्याची खूण कुणाची?"

मी तोंड उघडायच्या आत झुवैना पुढे झाली.

"आमच्या दोघींची, आजोबा."