एकोणिसावा पाइप

ही गोष्ट सांगायचं मी नऊ वर्षं टाळलं. त्यासाठी मला फार कष्ट पडले नाहीत, कारण कोणी विचारलंच नाही.

आमच्या बेलापूरच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या भिंतीला लागून एक काचेचं कपाट आहे. त्यात तंबाखू ओढायचे एकोणीस जुने पाइप मांडलेले आहेत. त्यांतले अठरा मी कधीच ओढलेले नाहीत.

हा छंद मला कचेरीत लागला. मी एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली. आमचे एक वरिष्ठ पाइप ओढत. कोणी अडचणीचा प्रश्न विचारला की ते आधी पाइप झटकत, मग भरत, मग काडी ओढत, मग ती विझे, मग दुसरी ओढत. तोवर विचारणाऱ्याची बदली झालेली असे. माणसाला मोठेपण येतं ते या वस्तूमुळेच, असं माझं ठाम मत झालं. निवृत्त झाल्यावर मी मुंबईच्या जुन्या बाजारात जाऊन पहिला पाइप घेतला. दुकानदार म्हणाला की हा दीडशे वर्षांपूर्वीचा, एका गोऱ्या कप्तानाचा. (घरी येऊन भिंगातून पाहिलं तर बुडाशी बारीक अक्षरांत कारखान्याचा पत्ता होता, पिनकोडसकट. कप्तान दूरदृष्टीचा असावा.)

नंतरचे पाइप मात्र खरे जुने मिळाले. एक पांढऱ्या मऊ दगडात कोरलेला, दाढीवाल्याच्या डोक्याचा. एक भाजल्या मातीचा, वीतभर लांब नळीचा. आणि एकोणिसावा, गडद लाकडाचा, वाटी तळहातात अशी बसायची की जणू माझ्याच हाताचं माप घेऊन केली होती. पाहुणे आले की मी कपाट उघडून व्याख्यान द्यायचो. व्याख्यानाचा शेवट ठरलेला असे : "खरा संग्राहक पाइप ओढत नाही. ओढला की वस्तूचं मोल जातं." यावर आमची सौ. सुमन चहा देता देता अभिमानाने मान डोलवायची.

एकोणिसावा मी रोज ओढत होतो. दुपारी साडेचारला, स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीन आणि कांद्याची टोपली यांच्यामध्ये बसून. मोठेपण यायला जागा थोडी कमी पडायची, पण येत होतं.

आता आमचे व्याही. निखिलने, म्हणजे आमच्या मुलाने, स्वतःच लग्न ठरवलं. दर्शना त्याच्याच ऑफिसातली, दिवाळे गावची कोळ्यांची मुलगी. तिचे वडील जनार्दन, सगळे त्यांना जनाभाऊ म्हणतात. स्वतःची होडी, आवाज खाडीच्या पलीकडे जाईल असा, आणि पंधराव्या वर्षापासून बिडी. आम्ही सुधारलेली माणसं असल्यामुळे लग्नाला आमची काही हरकत नव्हती. फक्त सुमन आठवडाभर जेवली नाही आणि मी आठवडाभर पाइपाच्या वाट्या पुसत बसलो.

दर्शनाला दिवस गेले तेव्हा तिने जाहीर केलं की तंबाखूला शिवणाऱ्या माणसाने तिच्या बाळाला शिवायचं नाही. मग तो कोणी का असेना. हे बोलताना ती वडिलांकडे पाहत होती. माझ्याकडे वळून ती मऊ आवाजात म्हणाली, "तुमचं काही नाही हं बाबा. तुम्ही फक्त जमवता."

जनाभाऊंनी त्याच संध्याकाळी बिड्यांचं बंडल खाडीत टाकलं. चाळीस वर्षांची सवय, एका झटक्यात. मी त्यांचा हात हातात घेऊन निर्धारशक्तीवर दहा मिनिटं बोललो. बोलताना मी तोंडात वेलदोडा धरला होता. तो का, हे चाणाक्ष वाचकाला सांगायला नको.

अर्णव झाला. दर्शना रजेवर होती. जनाभाऊ रोज चारला दिवाळ्याहून चालत यायचे. यायचे ते थेट ड्राय बाल्कनीत. तिथे नळाखाली कोपरापर्यंत हात घासायचे, मासळीच्या वासाचा अंगातला शर्ट काढून खिळ्याला लावायचे, पिशवीतून आणलेला धुतलेला शर्ट घालायचे आणि मगच बाळाला उचलायचे. त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. (आमच्या घरात ते न सांगताही कळण्यासारखं होतं, हे मला आता कळतं.) बाळ त्यांच्या खांद्यावर गेलं की गप्प व्हायचं. मग दर्शना तासभर झोपायची, सुमन भजनी मंडळाला जायची आणि मी कांद्यांपाशी जायचो. बाळाच्या एका आजोबाने बाळ सांभाळावं आणि दुसऱ्याने तेवढ्यात धूर काढावा, अशी कामाची रीतसर वाटणी झाली होती.

काही दिवसांनी दर्शना नाक ओढू लागली. घरात तंबाखूचा वास येतो म्हणाली. कधी येतो? चारनंतर. चारला घरात कोण येतं? तिने प्रश्न पुढे विचारला नाही, पण तिचा चेहरा उतरला. मी घाईने म्हणालो की बिडीचा वास अंगात मुरतो, सोडली तरी वर्षानुवर्षं जात नाही बिचारा. "बिचारा" हा शब्द मी वासाला लावला होता. सगळ्यांनी तो जनाभाऊंना लावला.

खबरदारी म्हणून मी बाल्कनीत धूप जाळायला सुरुवात केली. बाळाला डास चावू नयेत म्हणून, असं कारण दिलं. सोबत एखादं स्तोत्रही मोठ्याने म्हणायचो, म्हणजे काडी ओढल्याचा आवाज झाकला जाई. सुमनने भजनी मंडळात सांगितलं की ह्यांचं मन आता संसारातून उठलं. दोन बायका मला लिफ्टमध्ये नमस्कार करून गेल्या!

आणि मग तो मंगळवार आला. मंडळातल्या पेटी वाजवत गाणाऱ्या बाईंचा घसा बसला आणि भजन अर्ध्यावर मोडलं. मी दुसऱ्या कडव्यात होतो, पाइप नुकता छान पेटला होता, आणि दारात किल्ली फिरली. सुमन सरळ स्वयंपाकघराकडे येत होती. विझवायला वेळ नव्हता. कांद्यात लपवावा तर टोपली प्लास्टिकची. समोर खिळ्याला शर्ट होता आणि शर्टाला खिसा होता.

मी पाइप खिशात टाकला आणि धुपाटण्यापुढे हात जोडले.

सुमन पाणी प्यायली आणि माझ्याकडे कौतुकाने पाहून म्हणाली, "अहो, देव शर्टातून प्रकटतोय का?"

खिशातून धूर निघत होता. नुसता धूर नाही, मधोमध एक लाल कडा गोल गोल वाढत होती. सुमनने बाळाच्या लंगोटांची भिजत घातलेली बादली उचलली आणि शर्टावर ओतली. थोडी धुपावर पडली, बरीचशी माझ्यावर. दर्शना उठून आली. मागोमाग खांद्यावर बाळ घेऊन जनाभाऊ आले. शर्टाला वाटीएवढं भोक पडलं होतं आणि त्या भोकातून एकोणिसावा पाइप फरशीवर पडला, टक्क करून.

तो आवाज मला अजून ऐकू येतो.

शर्ट कोणाचा हे सगळ्यांना माहीत होतं. पाइप कोणत्या कपाटातला हेही माहीत होतं. आणि घरातलं कोण तंबाखू ओढणारं होतं, याबद्दल तर कोणाला शंकाच नव्हती. चोरी हा शब्द कोणी उच्चारला नाही, आम्ही तसली माणसं नाही. सुमन हळूच एवढंच म्हणाली की कपाट उघडंच असतं, झाला असेल मोह.

आता बोलायची वेळ माझी होती. एक वाक्य पुरलं असतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात जनाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी मोकळ्या हाताने स्वतःच्या मिशीवरून बोट फिरवलं. सावकाश, दोनदा. मला काही कळेना. मग मी नकळत माझ्या मिशीला हात लावला. बोटाला ओली राख लागली.

म्हणजे ते मला मिशी पुसायला सांगत होते! कोणाच्या लक्षात यायच्या आत.

मी पुसली. याहून लाजिरवाणं काम मी उभ्या आयुष्यात केलेलं नाही आणि ते मी फार चटकन केलं.

दर्शनाने पुढे होऊन बाळ त्यांच्या खांद्यावरून काढून घेतलं. "आबा, तुम्ही मला शब्द दिला होता," ती म्हणाली.

जनाभाऊ म्हणाले, "चुकला माजा, बाय."

मुलीच्या सासरी, मुलीच्या सासऱ्याला खोटं पाडायचं नाही, एवढा एकच कायदा त्यांना ठाऊक होता. मुलीला त्याच घरात राहायचं असतं. मला बरेच कायदे ठाऊक होते, आणि खातेनिहाय चौकशीची सगळी कलमं पाठ होती. त्यांतल्या एकातही अशा माणसाची सोय नव्हती.

उलट मी पुढे जे केलं ते सांगितलंच पाहिजे, आज लपवायचं नाही असं ठरवलंय. मी त्यांना माफ केलं. सगळ्यांसमोर त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो की होतं असं माणसाकडून, मी मनात काही ठेवलेलं नाही. लंगोटांचं पाणी माझ्या कानातून ठिबकत होतं. निखिल संध्याकाळी मला म्हणाला, बाबा, तुमचं मन खरंच मोठं आहे.

शिक्षा ठरली : वर्षभर बाळाला हात लावायचा नाही. जनाभाऊ तरीही रोज चारला यायचे. हात घासायचे, शर्ट बदलायचे आणि पाळण्यापासून दोन हातांवर खुर्ची घेऊन बसायचे. बाळ रडलं की त्यांचे हात मांडीवरून थोडे उचलले जायचे आणि परत खाली यायचे. मी पेपर वाचत असायचो. तो पेपर मी इतका मन लावून वाचला की त्या वर्षीच्या निविदा सूचना मला आजही आठवतात.

सहाव्या महिन्यात उष्टावण झालं. पहिला घास भरवायचा मान मामाचा. दर्शनाला भाऊ नाही, म्हणून तो मान तिच्या वडिलांचा असं आधीपासून ठरलेलं होतं. जनाभाऊंनी पनवेलच्या सोनाराकडून चांदीची वाटी घडवून आणली होती, कडेला नाजूक मासळ्या कोरलेली. ती त्यांनी कागदातून सोडवून पाटाजवळ ठेवली आणि मागे जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले. घास मी भरवला. अर्णवने तो माझ्या झब्ब्यावर थुंकला. घरात न्यायबुद्धी असलेला तो एकटाच निघाला.

कपाटाला सुमनने कुलूप लावलं ते त्या मंगळवारीच. किल्ली आजतागायत तिच्या कमरेला आहे. त्यामुळे माझाही पाइप सुटला. म्हणजे शिक्षा आम्हा दोघांनाही सारखीच झाली, असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावत होतो. युक्तिवाद चांगला आहे. फक्त झोपताना टिकत नाही.

माफी मागायचे प्रयत्न मी केले. पहिल्यांदा पत्र लिहिलं, पण हात कचेरीत घडलेला. लिहून झाल्यावर पाहिलं तर वर "विषय" आणि "संदर्भ" होते, आणि खाली माझ्या चुकीबद्दल "योग्य ती कार्यवाही व्हावी" अशी त्यांनाच विनंती होती. दुसऱ्यांदा पेढे घेऊन दिवाळ्याला गेलो. बंदरावर जाळी विणत बसलेल्या माणसांना जनाभाऊंनी माझी ओळख करून दिली, हे माजे व्याही, देवमानूस. चार म्हाताऱ्या माणसांनी मला बसायला जागा केली. देवमाणसाने पेढे वाटले आणि सुके बोंबील घेऊन तो घरी आला.

म्हणून यंदा ठरवलं की सगळं सरळ लिहून काढायचं आणि ते कागदच त्यांच्या हातात द्यायचे. जे तुम्ही इथवर वाचलंत ते. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत माफी मागितली होती, एकदाही "कार्यवाही" न म्हणता. गेल्या रविवारी ते घेऊन मी गेलो. जनाभाऊ आता थकलेत, होडीवर जात नाहीत. ओट्यावर बसून खाडीकडे पाहत होते. मी कागद पुढे केले. त्यांनी ते लांब धरले, जवळ धरले, आणि परत माझ्याकडे दिले.

"मना चष्म्याबिगर दिसत नाय. तुमीच वाचा."

हे मी गृहीत धरलंच नव्हतं. घसा साफ करून मी वाचायला लागलो. नऊ वर्षं टाळल्याचं वाचलं. कपाटाचं वाचलं. "त्यांतले अठरा मी कधीच ओढलेले नाहीत" इथवर आलो आणि श्वास घ्यायला थांबलो.

"आनि एकोनिसावा?" जनाभाऊंनी विचारलं. माझ्याकडे न पाहता, अगदी सहज.

मी म्हणालो, "तोही शोभेचाच."

मग त्यांनी मिशीवरून एकदा बोट फिरवलं.

"हां," ते म्हणाले. "शोबेचाच आसंल. फुडं काय हाय?"

पुढे सगळं होतं. नऊ पानं होती, माझ्या मांडीवर, हाताने गच्च दाबून धरलेली. मी म्हणालो, पुढचं अजून लिहून व्हायचंय.

एकतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली. कागद पुढे जाऊ द्यायचा नाही, ही एकच गोष्ट मला तिथे नीट शिकवली होती.