विहीणबाईंनी लावलेला कौल

फोन आला तेव्हा मी माझ्या लेकीच्या, सायलीच्या दुसऱ्या बाळंतपणाची तयारी करत होते. जुनी दुपटी धुऊन वाळत घातली होती, डिंक कुठून आणायचा ते लिहून घेत होते. फोनवर जावई होता. एरवी फोन उचलला की आधी हसणारा मुलगा, पण त्या दिवशी त्यानं एका दमात सांगितलं, अंगणात कोकमाची सोलं वाळत घालता घालता त्याची आई, आमच्या विहीणबाई शालिनीताई, खाली बसल्या आणि पुन्हा उठल्या नाहीत. सायली माझ्याकडेच, आत झोपली होती, आठवा महिना लागलेला. तिला कसं सांगायचं, गाडी कोणाची, तिच्यासोबत गाडीत कोण बसणार, सगळं मी भराभर ठरवलं. मला ठरवायला येतं. त्या दिवशी मात्र सगळं ठरवून झाल्यावर मी पाचेक मिनिटं मागच्या दारी उभी होते आणि आता काय करायचं ते मला कळत नव्हतं.

विहीणबाई मालवणजवळच्या, अगदी किनाऱ्यावरच्या गावातल्या. मी सावंतवाडीतली, शाळेच्या ऑफिसात आयुष्य गेलेली. मी पुस्तकी मराठी बोलायची, त्या मालवणी. आमचं पहिल्यापासून जमलं असं नाही, पण भांडायला मजा यायची हे नक्की. त्यांची आठवण काढायची तर सायलीच्या पहिल्या बाळंतपणापासूनच काढायला हवी, कारण आम्ही एकमेकींना खऱ्या अर्थानं भेटलो त्या दिवसांत.

सायली माहेरी आलेली, जावई जहाजावर. डॉक्टरांनी दिलेली तारीख आली आणि गेली. पोटात बाळ मजेत लाथा मारतंय, बाहेर यायचं नाव नाही! डॉक्टरबाईंनी तपासलं आणि शांतपणे सांगितलं, "आज दोघंही ठीक आहेत. दोन मार्ग आहेत. आता भरती व्हायचं, औषधानं कळा सुरू करायच्या. किंवा अजून थोडं थांबायचं, पण रोज इथं येऊन बाळाचे ठोके आणि आतलं पाणी तपासायचं. आठवड्यापलीकडे मात्र मी थांबणार नाही. सायली, विचार कर आणि उद्या सांग."

मला यात विचार करण्यासारखं काही दिसत नव्हतं. रजा मंजूर होती, रक्तगट जुळणारे दोघं सांगून ठेवले होते, बॅग भरलेली होती. गुरुवारी भरती, विषय संपला. संध्याकाळी विहीणबाई एसटीनं आल्या, हातात नारळ आणि सुक्या बांगड्यांची पुडी, आणि त्यांनी चप्पल काढायच्या आधी निकाल दिला, "काय एक औषध-बिवषध नको. आंबो पिकलो की आपसूक पडता."

"पडला की फुटतो पण," मी म्हटलं. "आम्ही वेळेवर उतरवून अढीत घालतो. अढीतलाही गोडच लागतो."

"गोड लागात. पन वास? वास खंयसून हाडशात, विहीणबाय?" झाडावर पिकलेल्याचा वास अढीत कुठून आणणार, असं त्यांचं म्हणणं.

झालं! चहा होईपर्यंत हेच, जेवताना हेच. मी पाणी कमी होण्याचे धोके सांगत होते, त्या आपली चारही बाळंतपणं सांगत होत्या. मधेच मी म्हटलं, "तुमच्या वेळी गेलेली मुलंही कोणीतरी मोजायला हवीत." त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "ती आमी मोजताव. तुमका सांगूक नाय इतक्याच." मी उठून त्यांच्या ताटात भात वाढला. आमच्या दोघींच्या मधे सायली ताटातला भात चिवडत बसली होती. जेवण अर्धं टाकून उठली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

सकाळी उठून बघते तर विहीणबाई नाहीत. पहिल्या एसटीनं गावी गेल्या होत्या, रवळनाथाला कौल लावायला. आमच्याकडे हे नवीन नाही. गुरव देवाच्या पाषाणाला पाण्यानं फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतात, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. विहिरीच्या जागेपासून मुलीच्या स्थळापर्यंत लोक विचारतात. पण माझ्या मुलीच्या कळा पाकळीवर ठरणार? दिवसभर माझा संताप चालला होता. काय काय बोलायचं ते मी मनात क्रमवार लावून ठेवलं.

दुपारी त्या परतल्या. घामानं डबडबलेल्या, पदरात प्रसाद. सायलीही बाहेर आली, चेहरा उतरलेला. म्हणजे आता आईचं ऐकायचं, सासूचं की देवाचं!

"काय म्हणाला देव?" मी विचारलं.

"डावो दिल्यान."

"म्हणजे थांबायचं नाही?"

"ता मी इचारूकच नाय." त्या खुर्चीत बसल्या, पदरानं वारा घेतला. "मी इचारलंय, आमी दोघी म्हाताऱ्यांनी ह्या गजालीत तोंड घालूचा काय? गुरव पाकळी लावता लावता डावी खाली! इतकी घाय करणारो देव मी कधी बघूक नाय. आता मी गप, तुमी पन गप."

"मी तुमच्या देवाला बांधलेली नाही," मी म्हटलं.

"नाय? मगे जत्रेक दर वर्साक नारळ कित्याक धाडतास?"

सायली खो खो हसायला लागली. पोट धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिनं स्वतः डॉक्टरांना फोन लावला आणि आम्हा दोघींना कधीच न सुचलेले प्रश्न विचारले. थांबल्यानं बाळाला धोका किती वाढतो, औषधानं कळा सुरूच झाल्या नाहीत तर पुढे काय, बाळाची हालचाल कमी वाटली तर किती वेळात यायचं. फोन ठेवून म्हणाली, "मी थांबणार. रोज तपासणी करणार. काही बिनसलं तर त्याच क्षणी औषध. ठरलं."

पुढचे दिवस काय सांगू! बोलायचं नाही हा उपवास एकादशीपेक्षा कडक. विहीणबाई तोंडात सुपारी धरून बसायच्या. माझ्या ओठावर काही आलं की मी उठून डबे पुसायची. घरात इतके स्वच्छ डबे आधी नव्हते, नंतरही झाले नाहीत.

आणि एका सकाळी तपासणीत पाणी कमी दिसलं. "आता थांबू नये," डॉक्टर म्हणाल्या. सायली लगेच म्हणाली, "करा." मी विहीणबाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. मला "बघा, मी सांगत होते" म्हणता आलं असतं. त्यांना कपाळाला हात लावता आला असता. त्यांनी एवढंच विचारलं, "बॅग खंय?"

"गाडीत."

"मगे धावा!"

कळा सुरू झाल्या, वाढल्या. बाहेर बाकावर आम्ही दोघी. आतून सायलीचा आवाज आला तशा विहीणबाई ताडकन उठल्या, पदर खोचला आणि भर व्हरांड्यात हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! पोर आत मेहनत करता हा, तिका नि लेकराक सुखरूप मोकळी कर रे म्हाराजा!" आणि बाकावरचे अनोळखी लोक, औषधं घेऊन जाणारी नर्स, आणि मी, सगळे देवळात म्हणतात तसं एका आवाजात, "होय म्हाराजा!" थोड्या वेळानं दार उघडलं. मुलगी! विहीणबाईंनी तिला घेतलं, नाक तिच्या टाळूवर टेकवलं, डोळे मिटले... आणि माझ्याकडे बघून ओरडल्या, "वास आसा हां, विहीणबाय! अढीतलो, पन वास आसा!"

ती नात आता शाळेत जाते. आजी गेल्याचं तिला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, मग सोलं कोणी उचलली? मीच उचलली होती.

परवा सायलीला घेऊन पुन्हा त्याच दवाखान्यात गेले. तारीख पुन्हा उलटलेली, मार्ग तेच दोन. ती एकटीच आत गेली, मी बाहेर थांबले. शेजारी एक बाई येऊन बसली, तिची सून पलीकडे भिंतीला टेकून उभी. बाई मला विचारू लागली, औषध दिलेलं बरं की थांबलेलं, तुमचा अनुभव काय. मला बरंच सांगता आलं असतं. माझ्या तोंडून निघालं ते असं, "तिका इचारल्यात?" आयुष्यभर जी बोली मी बोलले नाही तिच्यात, आणि मोठ्यानं. बाईनं सुनेकडे बघितलं. मग उठून तिच्याजवळ गेली आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं. सून बोलायला लागली.

तेवढ्यात आमचं दार उघडलं. सायली पोट सावरत बाहेर आली, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. काय ठरलं ते मी विचारलं नाही. फक्त तिला बसता यावं म्हणून बाकावर थोडी सरकले.