साबिरच्या गडव्यावरचा सिंह

बाविसाव्या गडव्यावर ‘सिंह’ ठोकून झाला, तेव्हा करीमचाचांनी कपाळाला हात लावला.

चाचा शेजारचे कल्हईवाले. गोंदियाच्या बाजारात आमची दुकानं भिंतीला भिंत लावून. मी भांड्यांवर नावं टाकायचो. छिन्नी धरायची, हातोडीनं टिचक्या मारत अक्षर उठवायचं. शाळा म्हणाल तर दुसरी. पण माझं अक्षर तहसीलीतल्या बाबूपेक्षा वळणदार होतं. आजही आहे.

“सोमाजी, ये क्या लिखा? साबिर म्हणजे सिंह, कोनं सांगतलं तुले?”

“मीच सांगतलं पटेलाले.”

खरंच सांगितलं होतं. पटेल म्हणजे दवनीवाड्याकडचे एक मालगुजार, गावाचे जमीनदार. मालगुजारी चालू होती तेव्हाची गोष्ट. त्यांची चार लेकरं पाळण्यातच गेली. पाचव्याच्या वेळी बाईंनी दर्ग्यावर नवस केला, जगलं तर नाव दर्ग्यातलं ठेवीन. पोरगं वर्षाचं झालं. आता गावजेवण, आणि घरटी एक पितळी गडवा, म्हणजे लोटा. त्यावर पोराचं नाव. ऑर्डर देताना पटेलांनी विचारलं, “साबिरचा अर्थ काय गा?” दुकानात चार गिऱ्हाइकं उभी. माहीत नाही म्हणायची मला सवय नाही. म्हटलं, “सिंह.” पटेल खूश. म्हणाले, “मंग तेही टाक, नावाखाली.”

चाचा म्हणाले, नाव अरबी आहे. सब्र म्हणजे धीर. “दुख में जो शिकायत न करे, वो साबिर.”

“अरबस्तानात असंल. गोंदियात सिंह चालते.”

“दर्ग्याचे मुजावर जेवाले येनार. गडवा वाचून पंगतीत हसले तं?”

तेव्हा मी हातोडी खाली ठेवली. मालगुजाराचं भर पंगतीत हसं झालं असतं, तर त्या भागातलं एक भांडं माझ्या दुकानात आलं नसतं. आणि पितळेवर ठोकलेलं पुसता येत नाही. घासावं तर पत्रा पातळ होतो.

गडवा घेऊन पटेलांच्या गावी गेलो. पटेल ओसरीवरच होते.

“परवा जेवन आहे. तू कायले फिरून राहिला?”

सांगून टाकलं. पटेल ताडकन उभे राहिले.

“धीर धरनारा? मालगुजाराचं पोरगं कायले धीर धरन? दुसरा अर्थ आन! आत्ताच्या आत्ता!”

“अर्थ बाजारात नाही भेटत, पटेल.”

“मंग नावच बदलवतो!”

आतून बाई आल्या. डोक्यावर पदर, आवाज खाली.

“नाव नाही बदलनार. अर्थ मले माहीत होता. मुजावरांनी तवाच सांगतला. म्हनून तं मागून घेतलं.”

“मंग मले काऊन नाही सांगतलं?”

“तुमी कवा ऐकून घेतलं? चार डाव लेकरू मातीत देऊन आली मी. सिंह कोनं मागतला होता?”

पटेल खाली बसले. माझ्याकडे पाहून म्हणाले, “आता काय करतं?”

मला काहीच सुचलं नव्हतं. पण चेहरा असा ठेवला, जसं घरूनच ठरवून आलो. म्हटलं, “सिंहावर पानाची वेल टाकतो.”

दोन दिवस जेवायलाही उठलो नाही. एकेक अक्षर पानाखाली दाबलं. ज्या गडव्यांवर सिंह नव्हता त्यांच्यावरही वेल टाकावी लागली, नाहीतर लोकांनी विचारलं असतं. पंगतीत मुजावरांनी गडवा फिरवून फिरवून पाहिला आणि कारागिराला दुवा दिली. पटेल म्हणाले, “वेल मीच सांगतली होती.”

महिन्याभरानं गोरेगावचा एक व्यापारी आला. त्याला पटेलांसारखीच वेल पाहिजे होती. मग दुसरा आला. पुढं वीस वर्षं मी लोकांच्या नावांखाली पानं ठोकत बसलो, आणि त्या पानांखाली झाकायला काहीच नव्हतं.

नवीन नमुना कसा सुचतो, असं आजकालचे कारागीर विचारतात. मी सांगतो, मेहनतीनं.