भाऊंना उतरायचं नव्हतं

गावातल्या निम्म्या लोकांना मॅडमनी गाडी चालवायला शिकवलं होतं, आणि उरलेल्या निम्म्यांना भर रस्त्यात काच खाली करून खडसावलं होतं. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल बाजाराच्या टोकाला, चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक असायचा. इतकी वर्षं तो दाबून दाबून त्यांचा उजवा पाय कोणाच्याही गाडीत आपोआप खाली जायचा. नवरा गाडी चालवत असला की त्यांच्या बाजूचं पायपुसणं वर्षभरात भोक पडून टाकाऊ व्हायचं. नवरा दर वर्षी नवं आणून टाकायचा. तोही त्यांच्याचकडे शिकला होता.

मॅडम म्हणजे वाईट बाई नव्हे. फक्त त्यांच्या बोलण्यात आज्ञार्थ फार. 'वळा', 'थांबा', 'आरशात बघा' असं सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलत राहिलं की घरी येऊन 'जेवा'सुद्धा तसंच बाहेर पडतं. हे त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि बदलणं यांत बरंच अंतर असतं, आणि मॅडमना ते कापायला कधी सवड मिळाली नव्हती.

त्यांच्या वडिलांना घरात सगळेच भाऊ म्हणत. भाऊ टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते आणि तिथूनच निवृत्त झाले. आई गेल्यापासून ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि कोणी काही विचारलं तर 'बरं आहे' म्हणायचे. लेकीला ते 'बरं आहे' सहन होईना. तिनं ठरवलं की भाऊंना परदेश दाखवायचा.

"कशाला उगाच?" भाऊ म्हणाले.

"भाऊ, तिकिटं काढलीत."

"मग विचारतेस कशाला?"

"मी विचारलं नाही, सांगितलं," असं मॅडम म्हणाल्या आणि नंतर स्वतःच ते सगळ्यांना सांगून हसायच्या. त्या वेळी मात्र त्या हसल्या नव्हत्या. त्या भाऊंसाठी थर्मल बनियन शोधत होत्या.

तीन दिवसांचा प्रवास. मॅडमनी आखणी अशी केली होती की त्या शहरात राहणारी माणसंही एवढं शहर जन्मात बघत नसतील. राजवाडा, दोन संग्रहालयं, जुना पूल, घड्याळाचा मनोरा, वनस्पतींची बाग. भाऊंचा पासपोर्ट, पैसे आणि मोबाइल, सगळं मॅडमनी आपल्या पर्समध्ये ठेवलं. "तुमच्या खिशातून पडेल." भाऊंच्या खिशात त्यांनी फक्त हॉटेलचं कार्ड घातलं, आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "हरवलात तर हे दाखवायचं."

भाऊंनी कार्ड काढून उलटसुलट करून पाहिलं आणि परत खिशात ठेवलं.

पहिल्याच सकाळी मॅडमची फजिती झाली. त्या शहरात गाड्या आपल्या उलट बाजूनं धावायच्या. हे त्यांना माहीत होतं. विमानात त्यांनी भाऊंना त्यावर छोटंसं व्याख्यानही दिलं होतं. हॉटेलातून बाहेर पडल्यावर त्यांनी रुबाबात नको त्या बाजूला पाहिलं आणि पाऊल टाकलं. मागून भाऊंनी त्यांच्या कोटाची कॉलर धरून त्यांना फुटपाथवर ओढलं. नाकासमोरून एक ट्रक गेला.

"तिकडं बघायचं असतं ना इथं?" भाऊंनी विचारलं. विचारण्यात टोमणा अजिबात नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

त्यानंतर दिवसभर प्रत्येक रस्ता ओलांडताना भाऊ त्यांचा हात धरत होते. हजारो लोकांना लायसन्स मिळवून देणारी बाई म्हाताऱ्या बापाच्या हाताला धरून रस्ता ओलांडतेय, हे गावातल्या कोणी पाहिलं नाही, एवढंच त्यातल्या त्यात समाधान.

पण त्या अपमानाची भरपाई मॅडमनी इतर गोष्टींत केली. पूल झाला, बाग झाली, एक संग्रहालय झालं. "भाऊ, इकडं उभे राहा. थोडं डावीकडं. अजून. हं, आता मनोरा पूर्ण येतोय." मॅडम सांगतील तसे भाऊ सरकत होते. संध्याकाळी त्यांनी बूट काढले तेव्हा मोजा ओला होता. फोड फुटला होता. मॅडमनी पट्टी लावली आणि म्हणाल्या, "उद्या ट्रामनं जाऊ."

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या गल्लीच्या तोंडाशीच ट्राम मिळाली. मॅडमनी दिवसभराची तिकिटं काढली आणि भाऊंचं त्यांच्या खिशात कोंबलं. भाऊंना खिडकीची जागा मिळाली. ते खिडकीला असे चिकटले की त्यांच्या श्वासानं काचेवर वाफ धरली आणि ती ते बाहीनं पुसत राहिले. मॅडम उभ्या राहून फोनवर राजवाड्याचा इतिहास वाचत होत्या.

राजवाड्याचा थांबा आला. "भाऊ, चला, उतरायचं," असं म्हणत मॅडम उतरल्या आणि चालू लागल्या. चालता चालता त्यांनी माहिती सांगायला सुरुवात केली. हा राजवाडा दोनदा जळला, तो कोणी पुन्हा बांधला, त्या राजाला किती राण्या होत्या. फाटकापाशी आल्यावर शेजारच्या माणसानं अदबीनं टोपी काढली आणि परक्या भाषेत काहीतरी म्हटलं. मॅडमनी पाहिलं. तो भलताच गृहस्थ होता. सगळ्या राण्या त्यानं निमूटपणे ऐकून घेतल्या होत्या.

मॅडम वळल्या. ट्राम कधीच निघून गेली होती.

त्यांनी लगेच फोन काढला आणि भाऊंना लावला. त्यांच्याच पर्समध्ये घंटी वाजली.

यानंतर त्यांनी जे केलं, ते त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्यानं केलं असतं तर त्यांनी त्याला महिनाभर गाडीला हात लावू दिला नसता. डोकं थंड ठेवण्याऐवजी त्यांनी टॅक्सी थांबवली, ट्राम गेली त्या दिशेला बोट केलं आणि आत बसल्या. टॅक्सीवाला सावकाश चालवत होता. मॅडमचा पाय ब्रेकही दाबत होता आणि हात पुढं पुढं अशा खुणाही करत होता; त्या माणसाला नेमकं काय हवंय हे कळेना. शेवटी त्यांनी त्याच क्रमांकाची एक ट्राम गाठली, पैसे देऊन उतरल्या, धावत ट्राममध्ये चढल्या आणि पहिल्या सीटपासून शेवटच्या सीटपर्यंत सगळ्यांचे चेहरे पाहिले. भाऊ नव्हते. त्या क्रमांकाच्या ट्राम एकीमागून एक धावत असतात, आणि टॅक्सीच्या नादात आपण भाऊंच्या ट्रामच्या पुढं निघून आलो, हे त्यांना फार नंतर कळलं.

आणखी दोन-तीन ट्राम अशाच धुंडाळून मॅडम भलत्याच थांब्यावर उतरल्या. आजूबाजूला उंच इमारती, एक टायरचं दुकान, एक दवाखाना. हॉटेलला फोन करावा म्हणून मोबाइल काढला तर काल मनोऱ्याचे फोटो काढून काढून उतरलेली बॅटरी रात्री चार्ज करायची राहिली होती, ती आता संपली होती. भाऊंचा मोबाइल होता, पण हॉटेलचं नाव काय? मॅडमनी डोक्याला ताण दिला. काहीतरी लांबलचक होतं. ते कार्डावर लिहिलं होतं, आणि कार्ड भाऊंच्या खिशात होतं.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की भाऊंकडे पत्ता आहे. आपल्याकडे नाही. म्हणजे हरवलंय कोण?

थांब्यावर ट्रामचा एक तिकीट तपासनीस उभा होता. मिशा पिकलेल्या, गणवेशाला इस्त्री. त्याला तुटक इंग्रजी येत होतं. त्यानं मॅडमना बाकावर बसवलं आणि विचारलं, वडील दिसायला कसे आहेत?

"म्हातारे," मॅडम म्हणाल्या.

त्यानं मान हलवली आणि समोरून जाणाऱ्या तीन म्हाताऱ्यांकडे पाहिलं. कपडे कोणते आहेत? मॅडमना थर्मल बनियन आठवलं, कारण ते त्यांनी स्वतः भाऊंच्या अंगात घातलं होतं. वरचा स्वेटर तपकिरी की करडा? टोपी होती का? चष्मा होता, तो लोक वाचताना लावतात तसा की कायमचा? रोजचे बघण्यातले वडील, आणि सांगायला गेलं तर काहीच हाताला लागेना. फोटो आहे का, तपासनिसानं विचारलं. कालचे थोडे फोटो घरी पाठवताना त्यांनी भाऊंच्या फोनवरही पाठवले होते. त्यांनी घाईनं ते दाखवले. पूल अगदी पूर्ण आला होता. मनोरा टोकापर्यंत आला होता. भाऊंचा कुठं खांदा होता, कुठं अर्धा कान. एका फोटोत ते पूर्ण होते, पण इतके लांब की त्यांना शोधायला आधी भिंग शोधावं लागलं असतं.

तपासनीस सभ्य माणूस होता. तो म्हणाला, मनोरा छान आलाय.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात हातातला फोन वाजला. परका नंबर.

"हॅलो, बोला," पलीकडून स्वच्छ, शांत आवाज आला. आयुष्यभर याच आवाजात भाऊंनी हजारो लोकांचे फोन जोडून दिले असतील.

"भाऊ, कुठं आहात तुम्ही?"

"हॉटेलात. तू कुठं आहेस?"

"तुम्हाला माझा... म्हणजे तुमचा नंबर..."

"तुझा लावला, लागेना. मग म्हटलं माझा फोन तिच्याच पर्समध्ये आहे, तो लावावा. नंबर पाठ आहेत ना मला." मग ते म्हणाले, "आता हलू नकोस. तिथं कोणी असेल तर फोन दे त्याच्याकडे. मी इथल्या मुलीकडे देतो."

तपासनीस आणि हॉटेलच्या काउंटरवरची मुलगी एकमेकांशी बोलले. मग भाऊ पुन्हा फोनवर आले. "कळलं कुठं आहेस ते. मी घ्यायला येतो."

"तुम्ही नका येऊ, मी टॅक्सीनं..."

"थांब तिथंच," भाऊ म्हणाले आणि फोन ठेवला. लेकीला त्यांनी बऱ्याच वर्षांनी काही बजावलं होतं. मॅडम थांबल्या.

ट्राम आली. दार उघडलं. भाऊ खिडकीशी बसले होते, मांडीवर हॉटेलातल्या मुलीनं दिलेला पाव आणि सफरचंद. ते उतरले नाहीत. आतूनच म्हणाले, "ये, चढ. बसायला जागा आहे." तपासनिसानं मॅडमच्या पाठीवर हात ठेवून त्यांना वर चढवलं आणि जाताना भाऊंना सलाम ठोकला.

मॅडम भाऊंच्या शेजारी बसल्या. मग आधी चिडूनच बोलल्या. "मी उतरले तेव्हा तुम्ही का नाही उतरलात? ऐकू आलं नव्हतं का?"

"आलं होतं."

"मग?"

"मला उतरायचं नव्हतं," भाऊ म्हणाले. "काल दिवसभर तू मला कुठं ना कुठं उतरवत होतीस. म्हटलं, ही ट्राम गोल फिरते, समोर नकाशाच लावलाय. तू राजवाडा बघशील, मी एक फेरी मारून परत तिथं येईन. आलो तर तू नव्हतीस. एक फेरी आणखी मारली, तरी नव्हतीस. मग हॉटेलात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, तुमची मुलगी दिसायला कशी आहे?"

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. "काय सांगितलंत?"

"सगळं सांगितलं. तिच्या फोनमध्ये बोललं की तिच्या भाषेत लिहून येतं. गव्हाळ रंग, उजव्या भुवईत खोक पडल्याची खूण, पायऱ्यांवरून पडली होती लहानपणी. मोरपंखी कोट, वरून दुसरं बटण सैल आहे. चालते भरभर, मागं वळून बघत नाही. काळजी करायला लागली की डाव्या हाताची बांगडी फिरवते." भाऊंनी सफरचंदाचा तुकडा तोडला. "आत्ता फिरवतेयस तशी."

मॅडमनी हात मांडीखाली घातला.

नंतर त्यांनी हळूच विचारलं, "ट्राममध्ये एवढं काय आहे बघायला?"

"आमच्या एक्स्चेंजच्या खोलीला खिडकी नव्हती. यंत्रांना धूळ नको म्हणून. सकाळी आत गेलं की बाहेर ऊन आहे की पाऊस, ते फोनवरच्या माणसाला विचारायचं. लोक बोलायचे, बाजारातून बोलतोय, स्टेशनातून बोलतोय. ऐकायचो सगळं, दिसायचं काहीच नाही." ते पुन्हा बाहेर बघायला लागले. "ती बघ, ती बाई गाद्या वाळत घालतेय. मघाशी एकच गादी होती."

एवढ्या वर्षांत मॅडम त्या खोलीत दोनदा डबा घेऊन गेल्या होत्या. खिडकी नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांना आठवत होता तो तिथला पंखा, आणि आपण तिथल्या शिपायाला दार नीट लावायला सांगितलं होतं ते.

त्या दिवशी त्या दोघांनी शहराला दोन फेऱ्या मारल्या. मॅडमना दर वळणाला ब्रेक दाबायची इच्छा होत होती, पण ट्रामची जमीन लाकडी होती आणि त्यांच्या पायाचा आवाज यायला लागल्यावर त्यांनी स्वतःच दोन्ही पाय पोटाशी घेतले. भाऊंनी त्यांना दाखवलं ते असं: एका न्हाव्याच्या दुकानात झोपलेला न्हावी, शाळेच्या भिंतीवर चढून टिफिन खाणाऱ्या दोन मुली, आणि एक माणूस भला मोठा आरसा पाठीवर घेऊन चाललेला, ज्यात त्यांची ट्राम पूर्ण दिसली.

तिसऱ्या दिवशी भाऊ म्हणाले, "तुझा राजवाडा राहिलाय. तू जा. मी फिरत राहतो. तासाभरानं थांब्यावर ये." मॅडमना दोनदा जळलेला राजवाडा एकटीनं बघवेना. राण्यांच्या दालनातून त्या जवळजवळ पळतच गेल्या आणि वेळेच्या बऱ्याच आधी थांब्यावर येऊन उभ्या राहिल्या. एक ट्राम आली, भाऊ नव्हते. दुसरी आली, तीतही नव्हते. बांगडी फिरायला लागली.

तिसऱ्या ट्राममध्ये भाऊ होते. शेजारी भाजीच्या पिशव्या घेतलेली एक म्हातारी बसली होती आणि दोघं आपापल्या भाषेत काहीतरी बोलत होते. दार उघडलं. मॅडम पुढं सरसावल्या. भाऊंनी काचेतून त्यांच्याकडे पाहिलं, एक बोट वर केलं आणि हवेत गोल फिरवलं.

आणखी एक फेरी.

ट्राम निघून गेली. मॅडमना मनापासून राग आला. तो राग घेऊन त्यांनी दोन्ही बाजूंना नीट बघून रस्ता ओलांडला, समोरच्या दुकानात जाऊन कॉफी मागवली आणि दाराजवळच्या टेबलाशी, थांबा दिसेल अशा बेतानं, बसून राहिल्या.